धक्का ते किल्ला आणि परत

मी बेस्टमध्ये एकतीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा हात आधी खिशाकडे जातो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणूनच गेल्या नोव्हेंबरात माझा स्वतःचाच हात सारखा खिशाकडे जाऊ लागला, तेव्हा मला माझाच भयंकर राग आला.

सुरुवात आकांक्षाने केली. ही माझी एकुलती एक मुलगी. वय सव्वीस, परळच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते. वर्षभरापूर्वी तिने मैत्रिणींच्या नादाने स्कूबाचा कोर्स केला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि समुद्राच्या तळाशी फेरफटका, असा तो प्रकार. पाच वेळा ती खाली जाऊन सुखरूप वर आली होती. आता तिला मालवणला बोटीने जायचं होतं.

"पण नवशिक्यांना सांभाळून नेणारी बोट हवी, बाबा," ती म्हणाली. "सगळे तसे नसतात."

"शोध की मग," असं मी म्हणणार, तेवढ्यात आमच्या सौ. शांताबाई ओट्यापाशी चपात्या लाटता लाटता बोलल्या, "एकटी जायचं नाही. बाबांना घेऊन जा. आणि नुसतं मालवणपर्यंत नाही, पाण्यात पण. घरात एवढा पट्टीचा पोहणारा माणूस आहे, तो काय शोकेसमध्ये ठेवायला?"

"चालेल की!" आकांक्षा टाळी वाजवून म्हणाली. "कोर्स नसला तरी पहिल्यांदा शिक्षक हात धरून नेतात. बाबा तर किल्ल्यापर्यंत पोहून आलेले!"

माझा हात खिशाकडे गेला.

लालबागच्या आमच्या चाळीत मला दोन गोष्टींसाठी मान आहे. एक म्हणजे माझा करडा स्वभाव, आणि दुसरी, अकरा वर्षांचा असताना मी मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत पोहत गेलो आणि पोहतच परत आलो, ही हकिगत. गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "राजारामभाऊ, होऊन जाऊ दे किल्ला!" मग मी सांगायचो. भरती, ओहोटी, पायाला गुंडाळलेलं शेवाळ, मध्येच लागलेली धाप. माझा थोरला भाऊ धोंडू गावाहून आलेला असला तर तोही शेजारी बसून ऐकायचा. कुणी त्याला विचारलंच तर मान हलवून म्हणायचा, "होय तर. राजा पेवलो." मागच्या मे महिन्यात धोंडू वारला.

खरं सांगायचं तर मला पोहता येत नाही. अजिबात नाही. घोट्याच्या वर पाणी आलं की माझी बोबडी वळते.

हे कबूल करणं शक्य नव्हतं. चाळीस वर्षांची अब्रू होती. म्हणून मी ठरवलं, आपण बोट शोधायलाच पुढे व्हायचं आणि प्रत्येक बोटीत खोट काढायची. खोट काढणं हा तर माझा धंदाच होता. एकही बोट पास होणार नाही, मे उजाडेल, पाऊस येईल, विषय संपेल.

पहिल्यांदा आम्ही दादरला गेलो. वातानुकूलित ऑफिस, भिंतभर कासवाचा फोटो, आणि टेबलामागे हर्षवर्धन नावाचा गोरागोमटा तरुण. त्याने आम्हाला लॅपटॉपवर मासे दाखवले. मी विचारलं, "एका शिक्षकामागे माणसं किती?"

"आठ-दहा असतात सर. ग्रुप मोठा असला की धमाल येते."

"आणि पाणी गढूळ असलं तर?"

"सर, फोटो आम्ही नंतर क्लिअर करून देतो."

मी उठलो. आकांक्षाही उठली. जिन्यात ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कसले भारी प्रश्न विचारता!" मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

त्यानंतर तर मला चेवच आला. फोनवर मी एकेकाला उलटा टांगू लागलो. सगळे पाण्यात गेल्यावर बोटीवर कोण थांबतं? वर चढायला शिडी आहे का? ऑक्सिजनची वेगळी टाकी ठेवता का? पाण्यात उतरले किती आणि परत चढले किती, हे कोण मोजतं? दादरची धरून आठवड्यात पाच बोटी बाद झाल्या. चाळीच्या गॅलरीत लोक माझ्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. तळमजल्यावरच्या गंगुबाईंच्या भाच्याला अंदमानला जायचं होतं, तो वही घेऊन आला. ज्या माणसाने आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाणी अंगावर घेतलं नव्हतं, तो आता समुद्राचा जाणकार झाला होता.

सहावी बोट फणसवाडीत निघाली. म्हणजे बोट मालवणलाच, पण तिची मालकीण प्रिती फणसवाडीतल्या एका तळमजल्याच्या खोलीत बसायची. पस्तिशीची, केस बारीक कापलेले, कपाळाला आठी. मी प्रश्नांची यादी काढली, तर ती म्हणाली, "थांबा काका, आधी माझे प्रश्न." आणि आकांक्षाकडे वळली. "शेवटचा डाइव्ह कधी झाला?"

"दहा महिने झाले."

"मग आधी पोहण्याच्या तलावात एक दिवस सराव. त्याशिवाय मी बोटीवर घेत नाही. पहिल्या दिवशी आठ मीटर, त्याच्या खाली नाही. माझ्याबरोबर चारच जण असतील. पाणी बरं नसलं तर धक्क्यावरूनच परत. रडायचं नाही." मग तिने मला विचारलं, "बीपीची गोळी घेता? कानाचा त्रास? रात्री घोरता?"

मी म्हटलं, "माझ्या घोरण्याशी माशांचा काय संबंध?"

"माशांचा नाही, माझा आहे," असं म्हणून तिने माझ्यापुढे कागद सरकवला. तिसऱ्याच ओळीत होतं: पोहता येतं का? आकांक्षा माझ्या खांद्यावरून वाचत होती. मी 'हो' लिहिलं. पुढे होतं: किती अंतर? मी लिहिलं, धक्का ते किल्ला आणि परत. प्रितीने ते वाचलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "छान. मग तलावात भेटू, तिथे दाखवा."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला फणसवाडीत कळलं. या बाईत एकही खोट नव्हती. उतरले-चढले मोजायला तिच्याकडे प्रत्येक माणसाच्या नावाचे बिल्ले होते, उतरताना खिळ्यावरून काढायचे, चढल्यावर परत लावायचे. ती माझ्या हाताखाली असती तर मी तिला बढती दिली असती. आणि नेमकी तीच बाई मला तलावात उभं करून उघडं पाडणार होती.

अशा वेळी मला कोंडीराम भेटला. भायखळ्याच्या भाजी मार्केटात कांद्या-बटाट्याचा गाळा, मेहुण्याची मालवणला बोट. गाव आमच्या गावाला लागून. त्याने चहा मागवला, माझ्या आजोबांचं नाव विचारलं आणि म्हणाला, "काका, आपलोच माणूस. कागद नाय, बिगद नाय. पाण्यात उतारलास काय सगळा आपोआप येता."

सवयीने मी विचारून गेलो, "उतरले किती, चढले किती, मोजता का?"

"मोजूचा कित्याक? कोण पाण्यात रवलो तर बोंब मारताच."

हे मी ऐकलं. माझ्या या दोन कानांनी नीट ऐकलं. तपासनीस असतो तर त्याला तिथल्या तिथे धरला असता. पण याने मला पोहता येतं का, हे विचारलं नव्हतं. मी चहा संपवला आणि म्हणालो, "रविवारी चाळीत ये. पक्कं करू."

गॅलरीला कोंडीराम फार आवडला. गाववाला, हसरा, येताना पाच किलो बटाटे घेऊन आलेला. फणसवाडीची बाई भोचक, असं सर्वानुमते ठरलं. एकटी आकांक्षा म्हणत राहिली, "बाबा, तुमच्या यादीतलं एक तरी उत्तर त्याने बरोबर दिलं का?" मी तिच्यावर डाफरलो, "आपली माणसं आहेत ती!" तिने माझी यादी घडी करून मला परत दिली. मग हळूच म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही बरोबर आहात ना खाली, मग मला भीती नाही."

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. पहिल्या मजल्यावरचे गणपतकाका ऐंशी वर्षांचे, पण गाऱ्हाण्याला आवाज असा लागतो की समोरच्या इमारतीतले लोकही हात जोडतात. गॅलरीत पाट मांडला, नारळ ठेवला, उदबत्ती लागली. सगळे गोळा झाले. कोंडीराम पुढेच उभा होता.

"बा देवा म्हाराजा!" गणपतकाकांनी सुरुवात केली.

"होय म्हाराजा!" सगळी गॅलरी.

"आज ह्या राजारामाचा चेडू दर्याच्या पोटात उतरूक जाता हा, तेका सुखरूप वर हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेच्या वांगडा तेचो बापूस आसा. पट्टीचो पेवणारो. दर्यात काय इला-गेला तर तो तेका हाताक धरून काठार हाडतलो, असो तुझो आधार आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने आकांक्षा म्हणाली. डोळे मिटून, हात जोडून. माझ्या थापेवर भार टाकून माझी पोर समुद्रात उतरायला निघाली होती. माझा हात खिशात गेला आणि तिथे धरण्यासारखं काहीच नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो.

गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोलत नाही. गणपतकाकांचं तोंड उघडंच राहिलं.

"मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. किल्ल्यापर्यंत धोंडू पोहला होता. मी नाही."

उदबत्तीची राख पडली, तेवढं दिसलं. मग गंगुबाई म्हणाल्या, "म्हंजे चाळीस वर्षं आमी उगीच टाळ्या वाजवल्या?"

"तरीच," शांता म्हणाली. "लग्न झाल्यावर जुहूला गेलो होतो, तर हे चप्पल भिजते म्हणून वाळूतच उभे राहिले."

कोंडीराम मदतीला धावला. "काका, तेका काय हुता? आमच्या बोटीर येतत तेतल्या निम्म्यांका पेवाक येना नाय!"

"तू तुझे बटाटे घे आणि नीघ," मी म्हणालो. एकतीस वर्षांचा आवाज लागला होता. तो गेला. बटाटे गंगुबाईंनी नेऊ दिले नाहीत.

गणपतकाका मात्र भडकले होते. मी पोहत नाही याचं त्यांना काही नव्हतं, गाऱ्हाणं अर्धवट राहिलं याचा राग होता. "देवाच्या कानार खोटा घातलंस माझ्या तोंडान!" असं म्हणून त्यांनी मला पाटाच्या समोर ओढलं, पुन्हा हात जोडले आणि आवाज चढवला, "बा म्हाराजा! आत्ताच तुका जा सांगलंय, तेतूर वायच चूक झाली, ती पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या राजारामाक पेवाक येना नाय! तेकाय सांभाळ, आणि तेच्या चेडवाकय सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हसू दाबत, पण दणकून.

"आणि किल्ल्यापर्यंत जो पेवान गेलो, तो धोंडू! तेचा नाव तेका परत पावता होव दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हणालो. माझा आवाज फुटला आणि मी रडलो, हे लपवण्यात आता अर्थ नाही. चाळीस वर्षं तो माझ्या शेजारी बसून स्वतःचीच हकिगत माझ्या तोंडून ऐकत होता. एकदाही चिडला नाही.

लोक पांगल्यावर आकांक्षा माझ्याजवळ येऊन बसली. ती रागावली असेल असं मला वाटलं होतं, आणि ती रागावलेली होतीच. "माझ्यासाठी तसली बोट पक्की करणार होतात?" एवढंच तिने विचारलं. मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "धोंडूकाका पोहत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"धक्क्यावर. त्याचे कपडे धरून. तो दिसेनासा झाला तेव्हा ओरडायचंही धैर्य झालं नाही. दोन तास उभा होतो."

दुसऱ्या दिवशी मी फणसवाडीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मग प्रिती म्हणाली, "किल्ला वाचला तेव्हाच मला शंका आली होती. नवा कागद पाठवते, नीट भरा. मुलीचा सराव मंगळवारी ठेवते, तुम्ही पण या. तुम्हाला आधी पोहायला शिकवू, खाली न्यायचं की नाही ते मग बघू. बोट कुठे पळून जात नाही."

मंगळवारी सकाळी दादरच्या तलावावर मी गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून उभा राहिलो. माझ्या बाजूला रांगेत सहा-सात वर्षांची चार मुलं होती, दंडांना फुगे बांधून. त्यातली एक चिमुरडी मला म्हणाली, "आजोबा, घाबरू नका, इथे पाय टेकतात." मी तिच्यावर डोळे वटारले आणि कठड्याला घट्ट धरून पहिली पायरी उतरलो. मग दुसरी. पाणी घोट्याच्या वर आलं, मग गुडघ्याच्या. बोबडी वळलीच. मी मागे वळून पाहिलं.

तिथे सामान ठेवायला कपाटं होती, कुलूप-किल्लीसकट. तरी आकांक्षा काठावर उभी होती, माझी पॅन्ट आणि शर्ट छातीशी धरून.

"जा बाबा," ती म्हणाली. "मी आहे इथे."