कवींचा चष्मा आणि आमची जुनी खोड

सुज्ञ वाचकहो! राज्यसत्ता पालटली तेव्हा आमच्या चहागृहात एका कवीची लेखणी मोडता मोडता कशी वाचली, हे कथन करण्याचे कार्य मी आज अंगावर घेत आहे. घडले तसेच सांगेन. कोठे गहिवरलो तर सांभाळून घ्यावे.

जुन्या राजवटीत या कवींच्या कवितांवर बंदी होती. तथापि ते आमच्या कोपऱ्यातील टेबलावर हळू आवाजात वाचीत, आणि त्यांच्या संरक्षणार्थ एक रीत पडली होती. कवींनी चष्मा वर सारला, म्हणजे पुढची ओळ सरकारविरुद्ध! तत्क्षणी मी किटलीवर झाकण आपटी, आमचा नेहमीचा गिऱ्हाईक चित्रकार खुर्ची फरफटवी, आणि शेजारच्या टेबलावरचे म्हातारे नट असे खोकत की रस्त्यावरच्या शिपायालाही कीव यावी. डोक्याला डोके लावून बसलेल्यांनाच काय ती ओळ ऐकू जाई.

पुढे ते सरकार गडगडले. बंदी उठली. रविवारी सकाळी आमच्याच चहागृहात जाहीर वाचन ठरले आणि कवींनी धीर करून थोरल्या बहिणीस बोलाविले. ताईंनी त्यांना आईच्या मायेने वाढविले होते. परंतु भाऊ रिकामटेकडा आहे, हे त्यांचे मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! त्याची एकही कविता त्यांनी ऐकली नव्हती.

"आज ताईला पटलं नाही ना, तर लेखणी मोडून टाकणार," कवी मला म्हणाले. "तुम्हीच धीर द्या हो, किटलीमास्तर."

"घाबरता काय? सगळी आपलीच माणसं आहेत!"

ताई पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. कवींनी आरंभ केला. दोन ओळी उत्तम गेल्या. तिसरीपूर्वी त्यांनी चष्मा वर सारला.

हाय रे सवय! माझे झाकण दणाणले. खुर्ची किंचाळली. नटांनी तर असा खोकला काढला की ताईंनी पिशवीतली लवंग पुढे केली.

कवींनी ओळ पुन्हा धरली. घामाने चष्मा घसरला, तो त्यांनी सावरला, आणि आम्ही पुनश्च तेच!

"अरे गाढवांनो!" कवी गरजले. "सरकार पडलं! आता कुणापासून लपवताय? माझ्या बहिणीपासून?"

इतक्या वर्षांत त्यांचा खरा आवाज आम्ही प्रथमच ऐकला. मग चष्मा खिशात घालून, त्याच आवाजात त्यांनी अवघी कविता तोंडपाठ म्हटली. सरकारने गल्लीतले दिवे तोडले, तरी एक बाई अंधारात चाचपडत भावाचा पांढरा सदरा शिवीत राहिली, असा तिचा आशय होता.

ताईंनी पदराने नाक पुसले.

"सदरा निळा होता," त्या म्हणाल्या. "पांढरं कापड परवडत होतं का आपल्याला? तेवढं बदल, आणि परत म्हण. असंच मोठ्यानं."

कवींनी निळा म्हटला. मग ताईंनी आणखी एक मागितली, त्यानंतर आणखी एक. दुपारपर्यंत कोणी उठले नाही.

माझे हे अल्पस्वल्प लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला विनम्र,
किटलीमास्तर