नव्वीची जोडी

नणंद-भावजयीचं पटत नाही यात नवल काहीच नाही, पण या दोघींचं न पटणं गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं. फ्रेमच्या त्या अरुंद दुकानात एकीने काच कापायला घेतली की दुसरीला नेमकी त्याच टेबलावर पट्ट्यांना खिळे ठोकायची घाई व्हायची. एकमेकींशी बोलायचं तेही गिऱ्हाइकाच्या तोंडून. "तिला सांगा, माझी मोजपट्टी जागेवर ठेवायला," असं नणंद म्हणायची, आणि बिचारं गिऱ्हाईक आपला फोटो छातीशी धरून तो निरोप दोन हात पलीकडे पोचवायचं.

दुकान सासऱ्यांचं. आधी मुलगा गेला, मग म्हातारा गेला, आणि मागे उरल्या लेक आणि सून, अर्ध्या-अर्ध्या हक्काच्या. आता अर्धं दुकान म्हणजे नेमकं काय? टेबल एक, शटर एक, गल्लाही एकच. नणंदेच्या नवऱ्याला चांगली नोकरी होती. तिला दुकान हवं होतं ते बापाचं म्हणून. भावजयीला हवं होतं कारण तिची चूल त्याच्यावर पेटत होती. फ्रेमा करण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं आणि नवं शिकायचं वय मागे पडलं होतं. शेवटी म्हाताऱ्याच्याच पद्धतीने निकाल लावायचं ठरलं.

त्याची पद्धत म्हणजे पोकर. दुपारी शटर अर्धं ओढून तो दोघींना खेळायला बसवायचा. पैसे लावायचे नाहीत; पट्ट्या कापून उरलेले तुकडे लावायचे, एका सोनेरी तुकड्याला दहा काळे. काचेचा चुरा कोणी झाडायचा, भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला कोणी तोंड द्यायचं, हे त्या तुकड्यांवर ठरायचं आणि हरलेली कुरकुरत का होईना ऐकायची. आज तुकडे तेच होते, पण लागलं होतं दुकान. जिचे तुकडे संपतील तिने चावी टेबलावर ठेवून निघायचं.

दुपार कलली तरी दोघी बरोबरीत होत्या. मग हा डाव आला. हातात दोन-दोन झाकलेली पानं, टेबलावर दोघींना सामाईक पाच उघडी: राजा, नव्वी, सत्ती, तिर्री, दुर्री. भावजयीच्या हातात राणी आणि नव्वी, म्हणजे नव्वीची जोडी जमली होती. वाईट म्हणता येत नाही आणि चांगली म्हणायला जीभ रेटत नाही, अशी. नणंदेकडे राजा असेल तर तिची राजाची जोडी मोठी, मग ही गेली. सत्तीची जोडी असेल, किंवा नुसताच आव असेल, तर ही जिंकली. आतापर्यंत नणंद थोडे थोडे तुकडे टाकत आली होती, ही तेवढेच टाकून टिकली होती. आता शेवटची बोली, आणि पहिली पाळी हिची.

अशा मधल्या पानांचं काय करायचं ते म्हाताऱ्याने तिच्याकडून घोटून घेतलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणायचा. "मोठी बोली लावलीस की हलक्या पानांवाला पळून जातो आणि भारी पानांवाला तेवढा थांबतो. म्हणजे तुला मारणारा तू स्वतःच निवडून घेतलास. लावायचंच असेल तर हलक्या पानांवाल्यालाही मोह होईल एवढंच लाव. नाहीतर गप्प बस."

भावजयीने दोन काळे तुकडे बोटांत घेतले. नणंद हट्टी होती. सत्तीची जोडी असेल तर दोन काळ्यांसाठी ती नक्की थांबली असती. आणि राजा निघालाच तर जाणार ते दोन काळेच. हिशेब चोख होता. फक्त हात पुढे करायचा होता.

"अजून किती वेळ?" नणंद म्हणाली. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे थेट तिलाच म्हणाली. "तुझं कायम हेच. माझ्या भावालाही असंच झुलवलंस. डॉक्टरकडे न्यायचं की नाही, उद्या बघू, परवा बघू. तू बघत बसलीस आणि तो गेला."

हे नणंदेने याआधी कधी तोंडावर म्हटलं नव्हतं. पाठीमागे म्हटलं असेल, सगळ्या नातेवाइकांत म्हटलं असेल. डॉक्टरकडे जायला तो स्वतःच तयार नव्हता, हिने त्याच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ते आता कुणाला सांगणार? भावजयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बोटांतले दोन तुकडे खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी आपला सगळा ढीग, सोनेरी-काळ्यांसकट, टेबलाच्या मध्यावर लोटला.

लोटल्या क्षणी तिला कळलं की चुकलं. या बोलीवर आता राजाशिवाय कुणी थांबणार नाही.

नणंदेने ढिगाकडे पाहिलंच नाही. ती भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, सावकाश, फ्रेमचा कोपरा नीट बसलाय का ते पाहावं तशी. मग तिने आपलं एक पान उलटं केलं. राजा.

चावी कमरेला होती, तिकडे भावजयीचा हात आपोआप गेला.

"टाकली मी पानं, डाव तुझा," नणंद म्हणाली, आणि राजा उचलून खेळून झालेल्या पानांत ठेवला.

"वन्सं, तुमच्याकडे राजा आहे."

"मला दिसतो तो." नणंदेने आपले उरलेले तुकडेही पुढे सरकवले. "हे पण घे. मी जिंकले असते तर लोक म्हणाले असते, विधवा भावजयीला रस्त्यावर आणलं. हरले असते तर तू म्हणाली असतीस, जिंकून घेतलं. आता दोन्ही नको. दुकान तुझं, आणि दिलं मी."

"असं चालत नाही. पुन्हा खेळू."

"खेळू की." नणंदेने पत्त्यांचा जोड तिच्यापुढे ठेवला. "पिस."

भावजयीने जोडाकडे पाहिलं. नणंद तिच्याहून चांगली खेळायची, हे दोघींना माहीत होतं. दुकान गेलं तर उद्यापासून खायचं काय, हेही दोघींना माहीत होतं. नकार द्यावा, तिच्या तोंडावर पत्ते फेकावेत, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि हात मांडीवरून हलत नव्हते. नणंद वाट पाहत होती. तिला अजिबात घाई नव्हती.

शटरखालून एक गिऱ्हाईक वाकून डोकावलं. त्याच्या हातात लग्नाचा फोटो होता. "उघडं आहे का?"

"या ना," नणंद उठत म्हणाली. "आजपासून दुकान हिचं. मी देऊन टाकलं. आत्ता माझे आभारच मानत होती." ती भावजयीकडे वळली. "हं, काय म्हणत होतीस?"

गिऱ्हाईक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागलं.

"तुमचे उपकार झाले, वन्सं," भावजय म्हणाली.

"त्यांना ऐकू नाही गेलं."

भावजयीने तेच पुन्हा म्हटलं, मोठ्याने.