शहाण्णव

टेगन थुंकी लावून मनगटावरचा आकडा पुसत होती. कौलांवर खुणा करायच्या जाड पेनानं लिहिलेला ९६, नशेशिवाय काढलेले दिवस. नऊची शेपटी गेली, सहा हलायला तयार नव्हता.

"कातडी सोलशील," शेजारचा मर्व म्हणाला. "अंघोळ करत जा, आपोआप जाईल."

मर्व साठीचा, पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरायचा. आता तिच्यासारखाच दर मंगळवारी या कोर्टात हजेरी लावायचा. इथे येणारे सगळे नशेपायी गुन्हा करून आलेले. शिक्षा ठरलेली होती, फक्त थांबवून ठेवलेली. उपचार घ्यायचे, लघवी तपासायला द्यायची, आणि घसरलं की नावावर कोठडीचे दिवस चढायचे. चौदा झाले की सरळ मूळ शिक्षा. टेगनची दीड वर्षाची होती आणि नावावर नऊ दिवस चढलेले होते.

तिच्या मुठीत कालच्या नमुन्याची चिठ्ठी होती. नमुना अतिपातळ. काल एक्केचाळीस अंशांत ती छपरावर कौलं चढवत होती. दुपारपर्यंत पाच लिटर पाणी प्यायली आणि तशीच नमुना द्यायला गेली. लघवीतलं क्रिएटिनिन ठरावीक प्रमाणापेक्षा कमी भरलं, की माणसानं पाणी ढोसून काहीतरी लपवलं असं धरतात. हा नियम तिला पहिल्याच आठवड्यात समजावला होता. छपरावर तो आठवला नाही.

"घेतलं म्हणून सांगून टाक," मर्व हळूच म्हणाला. "आपणहून कबूल केलं तर एक दिवस. नाही म्हणालीस आणि त्यांना पटलं नाही, तर सात. नऊ आणि सात किती होतात?"

"मला येतं गणित."

"मग झालं तर."

"पण मी घेतलेलं नाही, मर्व."

"मीही नव्हतं घेतलं, ऑक्टोबरमध्ये. असाच पातळ निघाला होता. घेतलं म्हणालो. टाळ्या पडल्या, बाई."

बाहेर गाड्यांच्या तळावर काकाकुवांचा थवा कर्कश ओरडत होता. टेगन उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन बसली, आणि सहावर पुन्हा अंगठा घासू लागली.

आत तिच्याआधी एका पोराचा नंबर होता. शनिवारी घेतलं, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं. न्यायाधीश बाईंनी स्वतः टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या खोलीनं. खरं बोलणं सोपं नसतं, असं त्या म्हणाल्या. पोरगा रडत जागेवर गेला.

"टेगन," बाईंनी चिठ्ठी पाहिली. "तुम्हाला मला काही सांगायचंय?"

कबुलीचं वाक्य तयार होतं. तिनं याच खोलीत याहून लांबलचक खोटं बोलून दाखवलं होतं, तेही न अडखळता.

"मॅडम, मी..."

बाईंचे हात टेबलावरून उचलले गेले होते. तळवे एकमेकांकडे वळले होते. टेगन त्या हातांकडे बघत राहिली.

"मी पाणी प्यायले," ती म्हणाली. "खूप. बाकी काही नाही."

हात खाली आले.

"आज तीन वाजता पुन्हा नमुना," बाई म्हणाल्या. "तोही पातळ निघाला, किंवा त्यात काही सापडलं, तर तुम्ही आत्ता खोटं बोललात असं मी धरीन. सात दिवस. त्याचा अर्थ कळतोय ना?"

"हो, मॅडम."

टाळ्या पडल्या नाहीत.

बाहेर साडेबारा वाजले होते. मर्व कागदी पेल्यात पाणी घेऊन आला. तिची जीभ टाळूला चिकटली होती. तिनं मान हलवली.

"घोटभरानं काय होतंय?"

"नको."

मग तोच प्यायला. ती त्याच्या गळ्याची हालचाल पाहत होती.

"ऑक्टोबरमध्ये टाळ्या पडल्या," ती म्हणाली. "मग पुढे?"

"पुढे काय. घरी गेलो." त्यानं पेला चुरगळला. "म्हटलं, आकडा तर पुसलाच गेलाय. घेतलं असं सगळ्यांनी धरलंच आहे. मग..."

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"सकाळी तू तुरुंगात जाऊ नयेस, एवढंच डोक्यात होतं."

टेगननं खिशातून पेन काढलं. नऊची शेपटी पुन्हा ओढली, सहा गिरवला. तीन वाजायला अडीच तास राहिलेले. तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"तुझे किती?"

"सोड ना. फार नाहीत."

"किती, मर्व?"

"एकतीस."

तिनं पुन्हा टोपण काढलं.

"हात इकडे कर."

मर्वनं इकडंतिकडं पाहिलं आणि बाही दुमडली.