पंच्याहत्तरची बाटली आणि लाकाझचा लंबक

गास्तोंच्या अंगणात त्या रविवारी दुपारी इतक्या गाड्या उभ्या होत्या, की मला माझी गाडी चर्चपाशी लावून चालत यावं लागलं. एरवी द्राक्षतोडणी संपली की आम्ही पाच-सहा मित्रमंडळी त्याच्याकडे जमतो. प्रत्येकजण घरची एक जुनी बाटली आणतो, नाव दिसू नये म्हणून तिच्यावर मोजा चढवतो, आणि मग ती कुणाच्या मळ्याची, कुठल्या सालची यावरून दुपारभर भांडतो. या वर्षी मोजे नव्हते आणि भांडणही नव्हतं. अर्धं गाव लांबलचक टेबलांभोवती बसलं होतं आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. तिकडे पांढऱ्या सदऱ्यातला एक उंच गृहस्थ डोळे मिटून उभा होता. त्याच्या बोटांतून दोऱ्याला बांधलेला पितळी लंबक लोंबत होता.

"हेच ते लाकाझसाहेब," फेर्नां माझ्या कानाशी पुटपुटला. फेर्नां आमच्या गावचा खाटीक. वेलींच्या छाटलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर मांस भाजायचं काम दरवर्षी त्याच्याकडेच असतं. "पाद्रीबाबांचा गुडघा यांनीच बरा केला म्हणे. आणि टपालवालीच्या कुत्र्याचा दमा."

"कुत्र्याने सांगितलं का तसं?"

"तू आलीस की जेवणाची मजा गेलीच, ओदेत. गप बस जरा."

गप बसण्याची मला सवय नाही. या गावच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि इथल्या निम्म्या लोकांचे कान उपटले. पण त्या दिवशी मी कुणाला शिकवायला गेले नव्हते. मी गेले होते इरेनसाठी. इरेन म्हणजे गास्तोंची बायको आणि माझी लहानपणापासूनची मैत्रीण. उन्हाळ्यात तिच्या छातीत गाठ सापडली होती. मंगळवारी बोर्दोच्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली होती. आणि शुक्रवारी तिने मला फोनवर सांगितलं, "मी नाही जाणार. लाकाझसाहेब हातानेच गाठ विरघळवतात. रविवारी ये, डोळ्यांनी बघ, मग बोल."

म्हणून मी आले होते, आणि डोळे उघडे ठेवून आले होते.

"मित्रहो," लाकाझने डोळे उघडले. आवाज मधात घोळवलेला. "द्राक्षाला स्मृती असते. ऊन, पाऊस, दुःख, सगळं ते साठवतं. दुःखाची गाठ बसते, आणि गाठ बसली की वाईन कडक होते. माणसाचंही तसंच आहे. रक्त काय आणि वाईन काय, दोन्ही एकाच पृथ्वीची मुलं. माझे हात फक्त प्रवाह मोकळा करतात. करणारा मी कोण?"

"करणारे तुम्ही नाही, तर एवढी गर्दी कुणासाठी?" मी विचारलं. दोन-चार जण हसले. इरेनने माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ आवरली.

गास्तोंने तळघरातून बाटली आणली होती. पंच्याहत्तरची. त्या साली त्याचं आणि इरेनचं लग्न झालं होतं आणि त्याच साली आमच्याकडे वाईन उतरली ती अशी तुरट, अशी आडमुठी, की बाकीची सालं म्हातारी होऊन, मऊ होऊन, पिऊनही संपली, तरी ही आपली तशीच ताठ. गास्तों वाईनचा दलाल. म्हणजे मळेवाल्याची वाईन चाखायची आणि ती कितपत उतरली हे व्यापाऱ्याला सांगायचं. त्याच्या जिभेच्या निकालावर शंका घ्यायची हिंमत या भागात कुणाची नाही. दर हिवाळ्यात तो तळघरात जायचा, पंच्याहत्तरची एक बाटली उघडायचा, उभ्या-उभ्या घोटभर तोंडात घोळवून थुंकायचा आणि वर येऊन इरेनला म्हणायचा, "अजून नाही." त्या वाईनला टेबलावर यायचा मान काही मिळाला नव्हता.

लाकाझने वाईन रुंद बुडाच्या चंबूत ओतून घेतली. आधी सगळ्यांना आंबट हिरव्या सफरचंदाची फोड चघळायला लावली. "जीभ शुद्ध झाली पाहिजे." मग प्रत्येकाला अर्धा पेला. मी घोट घेतला आणि कच्च्या अक्रोडाची साल चावल्यासारखं तोंड आवळून आलं. टेबलभर तोंडं वाकडी झाली. गास्तोंने मान हलवली. "तीच. जशीच्या तशी."

"आता हे पेले रिकामे करा," लाकाझ म्हणाला आणि बादली फिरवली. "जुनी स्मृती टेबलावर राहिली तर नवी बसत नाही."

इथे माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. शाळेत कुणी प्रयोग करून मूळचा नमुनाच मोरीत ओतला असता, तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. मी माझा पेला हळूच पावाच्या टोपलीमागे सरकवला आणि पुढ्यात पाण्याचा रिकामा पेला ओढला.

लंबक चंबूवर फिरू लागला. लाकाझचे ओठ पुटपुटू लागले. तेवढ्यात निखाऱ्यांवरून बरगडीचे जाडजूड काप उतरले, त्यावर बारीक चिरलेला गावठी कांदा आणि वितळतं लोणी. चरबी अजून चुरचुरत होती. "खा, खा," लाकाझ डोळे न उघडता म्हणाला. "शरीर उबदार हवं. थंड शरीरात प्रवाह उतरत नाही." कुणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या पाद्रीबाबांनी तर गुडघ्यावर रुमाल पसरून सगळं लक्ष ताटाकडेच वळवलं.

दोन-चार घास झाल्यावर त्याने चंबूतली वाईन पुन्हा वाढली.

खोटं का बोलू? ती मऊ झाली होती. मी स्वतः चाखली. तुरटपणा गेला होता, मागून पिकलेल्या आलुबुखाराची आणि ओल्या पालापाचोळ्याची चव येत होती. अंगणात चाकू-काटे खाली ठेवले गेले. मग सगळे एकदम बोलू लागले. गास्तोंने पेला खाली ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नरमली," तो म्हणाला. "इरेन, आपली वाईन नरमली."

लाकाझने हात इरेनच्या खांद्यावर ठेवला. "इथली गाठ सुटली, बाई. आता तुमची."

"ऐकलंस ना, ओदेत?" इरेन मला म्हणाली. "मला त्या लंबकातलं काही कळत नाही. पण गास्तोंची जीभ कधी चुकलेली नाही. उद्या सकाळी इस्पितळाला फोन करून मंगळवारचं रद्द करते."

मला राग आला. लाकाझचा आला, गर्दीचा आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण माझ्या स्वतःच्या जिभेने त्याच्या बाजूने साक्ष दिली होती. चंबू बदलला नव्हता, भुकटी टाकली नव्हती. त्याच्या हातांवरून मी नजर हलवली नव्हती. मग बदललं काय?

मी टोपलीमागचा पेला काढला. याच्यावर ना लंबक फिरला होता ना हात. घोट घेतला. तीही मऊ. तशीच्या तशी.

मग मी ताटलीत उरलेली सफरचंदाची फोड उचलली, नीट चावली, आणि लाकाझच्या मंतरलेल्या पेल्यातला घोट घेतला. तोंड पुन्हा आवळलं.

वाईन होती तशीच होती. बदललं होतं ते आमचं तोंड.

मी उठले. "गास्तों, तुझी जीभ दे जरा. फेर्नां, तळघरातून पंच्याहत्तरची दुसरी बाटली आण. सीलबंद."

"प्रयोग नको," लाकाझ लगेच म्हणाला. "संशयी माणूस मध्ये आला की प्रवाह अडतो."

"मघाशीही मी इथेच होते, आणि संशयीच होते. तेव्हा कसा अडला नाही?"

"बरोबर आहे तिचं," पाद्रीबाबा घास चावत म्हणाले. "ओदेत संशयी नाही असा दिवस मला तरी आठवत नाही."

गास्तोंला मी भिंतीकडे तोंड करून बसवलं. मांसाचा एक घास खायला दिला, मग दोन पेले, एकामागून एक. एक लाकाझच्या चंबूतला, दुसरा आत्ता उघडलेल्या बाटलीतला. दोन्ही त्याने मन लावून चाखले. "दोन्ही छान. दुसरा जरा जास्तच नरमलाय. साहेबांचा हात यावर जास्त फिरलाय."

"दुसरा तळघरातून आत्ता आलाय," फेर्नां म्हणाला. "त्यावर फक्त माझा हात फिरलाय, आणि तो चरबीचा आहे."

अंगणात हशा पिकला. लाकाझ मात्र हसला नाही. "प्रवाह भिंती मानत नाही," तो म्हणाला. "तळघरापर्यंत पोचला असणार."

"उत्तम. मग आता सगळं तळघर बरं झालं असेल. गास्तों, ही फोड खा आणि साहेबांच्या चंबूतली चाख."

गास्तोंने सफरचंद खाल्लं. घोट घेतला. त्याने पेला खाली ठेवला, पण भिंतीकडून वळला नाही. त्याला काय कळलं हे मला त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

"कोऱ्या कडक चहात दूध घातलं की तुरटपणा जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे," मी लोकांना म्हणाले. "वाईनमधलं तुरट द्रव्य असंच प्रथिनांना चिकटतं. नुसतं तोंड असलं तर आपल्या लाळेला चिकटतं, म्हणून तोंड सुकतं. तोंडात मांस आणि चरबी असली तर तो जोर त्यांच्यावर जातो. आणि आंबट खाल्लं की तुरटपणा उलट जास्त झोंबतो. म्हणून आधी सफरचंद आणि नंतर स्टेक. लंबक होता तो तुमचे डोळे गुंतवायला. आणि पहिले पेले बादलीत गेले, ते कुणी दोन्ही शेजारी ठेवून बघू नयेत म्हणून."

"चार दिवस द्या, बाईंची गाठच याचं उत्तर..." लाकाझने सुरुवात केली.

"अगं ओदेत, हे मला ठाऊक होतं," गास्तों भिंतीकडूनच म्हणाला. मग वळला. त्याचा चेहरा मला आवडला नाही, इतका तो एकदम म्हातारा दिसत होता. "आमच्या धंद्यात सौदा करताना कुणी जेवत नाही. विकणारा चीज पुढे करतो, आणि शहाणा दलाल ते बाजूला सारतो. नवख्या पोराला मी पहिल्याच दिवशी हे शिकवायचो. आणि आज स्वतःच्या टेबलावर..." तो थांबला. एवढ्या गावासमोर पुढचं वाक्य बोलायला त्याला किती जड गेलं असेल, हे आमच्याकडचा माणूसच जाणे. "इरेन, माझी जीभ चुकली. त्या माणसाने काहीही केलेलं नाही. वाईनचंही नाही आणि तुझंही नाही."

लाकाझने लंबक खिशात घातला आणि मोटारीकडे निघाला. पुढे कळलं, की हा गडी पूर्वी दारोदार वाईनच्या पेट्या विकायचा. चीज बरोबर घेऊन.

इरेन ताटाकडे बघत होती. तिच्या हाताशी होती ती एकमेव साक्ष नवऱ्याच्या जिभेची, आणि आता तीही गेली होती. मला वाटलं, रडेल, नाहीतर माझ्यावर चिडेल. चिडलीच, पण गास्तोंवर.

"म्हणजे ही पहिल्यापासून जेवणाबरोबर चांगली लागली असती?"

"बहुतेक," गास्तों म्हणाला.

"आणि तू दर हिवाळ्यात एकटा खाली जाऊन, उपाशी तोंडाने चाखून, मला 'अजून नाही' सांगत राहिलास. जन्मभर. एकदा माझ्याबरोबर जेवायला बसून उघडली असतीस तर?"

गास्तोंने तिचा पेला भरला. तिने पेला उचलला, घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला शस्त्रक्रियेच्या त्या टेबलावर झोपायची भीती वाटते, ओदेत. म्हणून मला हे खरं वाटायला हवं होतं."

"माहीत आहे."

"मंगळवारी रिकाम्या पोटी यायला सांगितलंय. तू गाडी काढशील ना? गास्तोंला त्या दिवशी रस्ता दिसणार नाही." मग तिने ताट पुढे केलं. "फेर्नां, मोठा काप वाढ. आज खाऊन घेते."

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी कसलाही चमत्कार सांगितला नाही. काय काढलं, काय तपासायला पाठवलं, पुढे कोणते उपचार लागतील आणि कशाची खात्री आज देता येत नाही, ते सांगितलं. गास्तोंने एकेक गोष्ट दोनदा विचारली आणि त्यांनी दोनदा सांगितली. खरं बोलणारा माणूस प्रश्नांनी चिडत नाही, हे तिथे पुन्हा दिसलं.

लाकाझ अजून दुसऱ्या गावांतून फिरत असेल. तुमच्याही अंगणात कुणीतरी येईल, लंबक नसेल तर राख आणेल, राख नसेल तर पाणी. त्याच्याशी भांडू नका. स्वतःच्या जिभेवर, डोळ्यांवर, साठ माणसांच्या 'वा वा'वरही लगेच विसंबू नका. त्याला एवढंच म्हणा, ज्यावरून तुम्ही हात फिरवला नाही, असा एक पेला मला शेजारी ठेवून द्या. आणि बादली पुढे आली, तर आपला पेला टोपलीमागे सरकवा.