लॅटिन दुखणं

रेवदंड्याहून चौल रिक्षाने दहा मिनिटं. तिथे माझी धाकटी बहीण हुस्ना राहते. तिच्याकडे चार दिवस राहायला जाणं मला दोन वर्षं जमलं नव्हतं. हसू नका! लोक हज करून येतात, आणि मी दहा मिनिटांवर पोचत नव्हते.

कारण आमचे जलील. बावीस वर्षं कुवेतला नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी कायमचे घरी आले आणि ओटीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. मी बॅग काढली की यांचं काहीतरी निघायचं. कधी दाढ, कधी कंबर. या वेळी मात्र मी पक्कं केलं, गुरुवारी निघायचं म्हणजे निघायचं.

बुधवारी सकाळी साहेब म्हणतात, "फिरोजा, अंगात त्राणच न्हाय गं."

"कालपासून खुर्चीतून उठला न्हायत, मग त्राण गेलं कुठं?"

रुसले आणि पूल ओलांडून कोर्लईला डॉक्टर रोचांकडे गेले. रोचा ऐंशीचे, लहानपणी पाद्रीबाबांकडे लॅटिन शिकलेले. जलील परत आले ते चिठ्ठी नाचवत. चिठ्ठीवर एकच शब्द होता, लासितूदो.

"लॅटिन हाय," म्हणाले. "साधंसुधं दुखणं न्हाय."

झालं! आमच्यात आजाऱ्याला बघायला जाणं सवाबाचं, पुण्याचं काम. साध्या तापाला चार माणसं येतात, लॅटिन तापाला अख्खा मोहल्ला आला. जलील गळ्यापर्यंत चादर ओढून द्राक्षं खात होते. त्यांची आत्या, सुगराफुफी, उशाशी तसबीची माळ घेऊन बसली.

"माझ्या चुलत दिराला हाच लासितूदो झाला होता," ती म्हणाली. "आठवड्यात गेला."

"फुफी, ते तर माडावरून पडले ना?"

"पडला. पण आधी लासितूदो, मग पडला!"

मासळीवाली जनी पाटी खाली ठेवून म्हणाली, "भाबी, माझ्या नवऱ्याला रोज सकाळी होतो ह्यो. रातची उतरली का होतो."

दिवसभर मी चहा, सरबत, खिचडी करत होते. गुरुवार उजाडला, तर माझ्या बॅगेवर लोकांच्या चपला. फुफी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा असा पडलाय आणि हिला बहिणीकडे जायचंय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदासुद्धा चिरत नव्हते.

मग ओढणी घेतली आणि तडक कोर्लई गाठली. "डॉक्टर, खरं सांगा, वाचतील ना?"

रोचा इतके हसले की कवळी हातात धरावी लागली. "अगं, लासितूदो म्हणजे थकवा! मी थकवा म्हटलं तर तुझा नवरा चिडला. म्हणाला, एवढ्यासाठी पूल ओलांडून आलो का? मोठं नाव द्या. दिलं." मग जरा ओशाळले. "खरं तर शब्द चुकीच्या माणसाला दिला. राबून, ओझी वाहून अंग मोडतं, त्याला लासितूदो म्हणतात. नुसतं बसून जीव विटतो, त्याला दुसरा शब्द आहे, तेदियुम. जलीलला तेदियुम झालाय."

"मग लासितूदो कुणाला झालाय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. कागद ओढला, तोच शब्द लिहिला आणि वर माझं नाव घातलं. खाली लिहिलं, चार दिवस घराबाहेर विश्रांती.

घरी येऊन मी चिठ्ठी फुफीसमोर धरली. अर्थ सांगितला नाही. नवऱ्याची चारचौघांत शोभा कशाला करा?

"या अल्ला, लागण झाली!" फुफी ओरडली. एका घरात दोन लासितूदो ठेवायचे नाहीत, असा तिने तिथल्या तिथे हुकूम काढला. पाच मिनिटांत बायकांनी मला बॅगेसकट रिक्षात कोंबलं.

आतून जलीलचा आवाज आला, "अरे, मी बरा झालो!"

"आजारी माणूस असंच बोलतो," म्हणत फुफीने त्यांच्या तोंडात काढा ओतला.

हुस्नाकडे मी दुपारची झोपले ती दुसऱ्या दिवशी उठले. संध्याकाळी दारात रिक्षा थांबली. जलील उतरले. लुंगी वर खोचलेली, अंगाला लसणीच्या तेलाचा भपकारा.

"फिरोजा, मला लपव! फुफी चाळीस दिवस उठू देणार न्हाय म्हणते. लोक येतात, माझ्याकडे बघून रडतात आणि जातात. डोळ्याला डोळा लागला न्हाय."

हुस्ना लगबगीने उठली. "दुल्हाभाई आले, कालवणाचं बघते." मी तिला हाताला धरून खाली बसवलं. "बस तू. आज त्यांना करू दे." मी चिडून बोलले होते, त्यांची जिरवायला.

जलील मुकाट्याने आत गेले. तासाभराने पापलेटाचं कालवण आणि भात घेऊन बाहेर आले. मी एक घास घेतला आणि थांबले. अहो, माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं!

"तुम्हाला येतं हे?"

"कुवेतला बावीस वर्षं कोण करून घालत होतं? खोलीतल्या सहा जणांचं मीच रांधायचो."

माझं डोकंच फिरलं. "मग दोन वर्षं मी चुलीशी मरतेय, तेव्हा तोंड शिवलं होतं काय?"

"आलो त्या दिवशी चाकू हातात घेतला, तो तू काढून घेतलास," ते खाली बघत म्हणाले. "म्हणालीस, तुम्ही बसा, खूप राबलात. मग बसलो. तू बाहेर निघालीस की वाटायचं, आता घरात मी एकटा काय करू? म्हणून दुखायचं."

म्हणालेच होते मी तसं, अगदी लाडाने. हुस्ना भिंतीकडे बघत बसली. राग होता, तो गेला कुठे कळलं नाही, आणि डोळ्यांतून पाणी मात्र यायला लागलं.

"तिखट झालं का?" जलीलनी घाबरून विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं आणि ताट पुढे केलं. "वाढा अजून."