कानोबाचं नाक

सालेकसा गावाच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, बिसराम आणि धुरपताबाई या कुंभार नवराबायकोचं घर होतं. मडकी, रांजण, छपराची कवेलू बिसराम करायचा. पण श्रावणात अष्टमीला घरोघरी बसतो तो मातीचा कानोबा धुरपताबाईच्याच हातचा. बासरी धरलेला, एक पाय दुमडलेला, ओठांवर लोणी चोरल्याचं हसू. चार गावांतली माणसं टोपल्या घेऊन यायची. कानोबाचे डोळे रंगवायच्या दिवशी ती अंघोळ करून उपाशीच कामाला बसायची.

एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात गावात हैजाची, पटकीची साथ आली. धुरपताबाईची एकुलती एक लेक शामकला, सात वर्षांची, सकाळी अंगणात खेळत होती आणि दिवस मावळायच्या आत गेली. तो सगळा दिवस धुरपताबाई देवाला विनवत होती. नवस बोलली, कपाळ आपटलं. तेरावं झालं तसे तिने घरातले देव फडक्यात बांधले आणि माळ्यावर ठेवून दिले.

समजावणारे खूप आले. एक जण म्हणाला, "देवाची इच्छा होती, बाई." तो रांजण न्यायला आला होता. धुरपताबाई म्हणाली, "मग रांजन बी त्याच्याच जवळून घे." आणि त्याला रिकाम्या हाती वाटेला लावलं.

श्रावण लागला तशी शेजारच्या वाड्यातली जमुनाबाई आली. शेतकऱ्याघरची, धुरपताबाईच्याच वयाची, पण यंदा आजी झालेली.

"धुरपता, माहा कानोबा मोठा बनवशीन यंदा."

"मी नाही बनवत."

"काऊन?"

"वीस वर्सं त्याचे डोरे मी उघडले. माह्या पोरीच्या वेळेस त्यानं ते मिटून घेतले. आता राहू दे त्याले आंधरा."

जमुनाबाईने समजूत घातली नाही. तिथेच बसून पान खाल्लं, सुपातले तांदूळ निवडू लागली आणि सूप रिकामं झाल्यावर घरी गेली.

अष्टमी बारा दिवसांवर आली. लोक बिसरामला विचारू लागले. त्याने मनाशी म्हटलं, मडकं जमतं तर कानोबा का जमणार नाही? घरामागच्या छपरीत बसून त्याने तीन कानोबा केले आणि फळीवर वाळत ठेवले. पोट घागरीसारखं, मान नावाला नाही, गाल फुगलेले आणि मधोमध बटाट्यासारखं नाक. धुरपताबाई दोन दिवस तिकडे पाठ करूनच वावरली.

तिसऱ्या दिवशी गावचे जमीनदार, मालगुजार खेमराज घोड्यावरून कवेलू सांगायला आले. फळीवरचा एक कानोबा त्यांनी उचलला आणि निरखून पाहिला.

"बिसराम, हा कोन होय? मले ओळखीचा वाटून राहिला."

बिसराम घाईघाईने हात पुसत उठला. आवाज ऐकून धुरपताबाई झाडू घेऊन दारात आली. तिने एकदा कानोबाकडे पाहिलं, एकदा मालगुजारांकडे. तेच गाल, तीच नसलेली मान, तेच नाक! तिने पदर तोंडात कोंबला, पण हसू फुटलंच. मालगुजार गोंधळले. मग त्यांचा हात हळूच आपल्या नाकाकडे गेला आणि सगळा उलगडा झाला. क्षणभर बिसरामला वाटलं, आता संपलं. पण मालगुजार असे काही गडगडून हसले, की त्यांचा घोडाच बिचकला.

हसता हसता धुरपताबाई रडू लागली. शामकला गेल्यापासून ती मोठ्याने रडलीच नव्हती. आता उंबऱ्यात बसून ती गळा काढून रडली. मालगुजारांनी कानोबा अलगद खाली ठेवला आणि कवेलूंचं न बोलताच ते निघून गेले.

बिसराम तिच्या बाजूला बसला.

"माही पोरगी गेली अन् मी हासून राहिली," ती म्हणाली.

"ते बी हासली असती. माह्या हातचं काही बी पाहून हासे ते."

धुरपताबाई उठली, तिने तोंड धुतलं आणि मातीपाशी जाऊन बसली.

"देवासंगं माहं बोलनं बंदच हाये," तिने बजावलं. "पन हे नाक मले पाहवत नाही."

आठ दिवसांत तिने गावापुरते कानोबा केले. उपास मात्र धरला नाही. डोळे रंगवायच्या दिवशी तर झिंग्यांची भाजी पोटभर खाऊन बसली. बायकांनी कुजबुज केली, पण कानोबा घ्यायला सगळ्याच आल्या. जमुनाबाई आपला कानोबा हातात धरून म्हणाली, "दरसाली हा बासरीकडं पाहे. यंदा सरळ आपल्याकडंच पाहून राहिला."

"पाहू दे. त्यानं पाहाले पायजे."

अष्टमीच्या संध्याकाळी जमुनाबाईने तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं. कानोबाच्या वर खोबऱ्याच्या, गुळाच्या करंज्यांचा आणि पुऱ्यांचा फुलोरा टांगला होता. सगळ्यांनी हात जोडले. धुरपताबाईने जोडले नाहीत. आरती होऊन बायका चुलीकडे वळल्या, तेव्हा ती कानोबाजवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"मी काही मांगत नाही तुले. मांगून पाहिलं. पन ते पोट्टी तुह्याकडं असंल, तर तिले एक करंजी देजो. खोबऱ्याची देजो. गुराची तिले आवडत नाही."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, अबोला मोडला होता. तिला स्वतःचा राग आला आणि बरंही वाटलं. पूर्वी ती देवाला सगळं विचारून करायची, सगळं त्याच्यावर सोडायची. तो विश्वास परत आला नव्हता. त्यातलं "असंल तर" तेवढं उरलं होतं, आणि ते तिला सोडवेना.

दुसऱ्या दिवशी गावच्या बायका गाणी म्हणत कानोबा पाण्यात शिरवायला बोडीवर, गावच्या तळ्यावर, निघाल्या. धुरपताबाईही गेली. जमुनाबाईचा पाय चिखलात घसरला, तिने धुरपताबाईला धरलं आणि दोघी पाण्यात धपकन बसल्या. काठावरच्या पोरींनी टाळ्या पिटल्या. "हासा, हासा!" म्हणत धुरपताबाईने त्यांच्यावर ओंजळभर पाणी उडवलं.

दुपारी ती ओल्या लुगड्याने घरी आली.

"अवो," तिने बिसरामला हाक मारली, "चूल पेटवा बरं. मले लय भूक लागली."