तीन खोल्या फिरलेलं कार्ड

आमच्या इस्पितळाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या माझ्या साहेबांना मी मनातल्या मनात हिरवळ साहेब म्हणते. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं की त्यांचं पोट भरतं. त्या दिवशी दुपारनंतर तपासणीची मंडळी येणार होती आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल ओळींचा नुसता सुळसुळाट झाला होता. खोल्याखोल्यांतल्या नेटवर्कच्या यंत्रातून काढलेलं कार्ड ते सॉफ्टवेअर विसरत नाही; 'इथे होतं, आता दिसत नाही' अशी लाल ओळ धरून बसतं. साहेब म्हणाले, एकदम उडवा सगळ्या, बटण आहे की. बटण होतंच, पण ओळ उडवली की त्या कार्डाचा इतिहासही जातो. ढिगाने केलेलं काम मला डोळ्यांसमोर नको. एकेक बघून काढीन, म्हणून मी हटूनच बसले.

त्यात सकाळीच माझं डोकं तापलेलं, जाऊबाईंवरून. त्या इथेच प्रयोगशाळेत आहेत, रक्ताचे रिपोर्ट कॉम्प्युटरवरून वॉर्डात पाठवतात. गेले सहा महिने दुपारचे रिपोर्ट उशिरा पोचत होते आणि बोल त्यांना लागत होता. वयामुळे झेपत नाही, असं ठरवून प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई त्यांना तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत धाडणार होत्या. संध्याकाळी सही व्हायची होती. जाऊबाईंनी घरी चकार शब्द काढला नाही. मला कळलं ते कँटीनमध्ये, तेही दुसऱ्यांच्या तोंडून.

पाच-सहा ओळी काढून झाल्यावर औषधांच्या खोलीतली ओळ आली. नंबरवरून त्या कार्डाचा इतिहास उघडला. आधी ते एक्स-रेच्या खोलीत होतं, मग औषधांच्या. आणि आता? जाऊबाईंच्या प्रयोगशाळेत, सहा महिन्यांपासून. दुपारी फोटो अडकतात म्हणून एक्स-रेवाले माझ्या नावाने खडे फोडायचे, ते आठवलं. कार्ड बदललं तसे ते गप्प झाले आणि औषधवाले सुरू झाले. ते गप्प झाले आणि आमच्या जाऊबाई मंद ठरल्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय.

तशीच स्टोअरवाल्या काकांकडे गेले. काका हाडाचे काटकसरी. काढून आणलेलं कार्ड ते निवल्यावर टेबलावर लावून बघायचे, दिवा हिरवा लागला की पुन्हा चांगल्यांच्या फळीवर ठेवायचे. चांगली वस्तू टाकवत नाही, म्हणाले. त्यांना काय बोलणार? खोली तापली की ते कार्ड मान टाकतं, हे टेबलावर कळणार कसं! त्यांच्याकडून कोरं कार्ड घेतलं आणि प्रयोगशाळा गाठली.

जुनं कार्ड काढताना बोटांना चटका बसला. त्यावर पेनाने मोठ्ठं 'खराब' लिहिलं, नवं बसवलं आणि जाऊबाईंना म्हटलं, पाठवा. तुंबलेले रिपोर्ट भराभर गेले. मोठ्या बाईंना मी इतिहास दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, बदलीचा कागद फाडला आणि चूक झाली म्हणाल्या. साहेबांचा तोवर तीनदा फोन येऊन गेला होता. तो मी घेतला नाही.

आता जाऊबाई मला टोमणा मारणार, असं वाटलं. आमचं तसंच चालतं. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटत होतं, माझंच डोकं चालेनासं झालंय. माझ्या आईचं झालं होतं ना, तसं. घरी बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतंत. आणि डॉक्टर हो म्हणाले असते तर?"

मला राग आला, त्यांचाच. एका घरात राहायचं, एकाच चुलीवरचं जेवायचं आणि एवढी भीती एकटीने गिळायची.

"मला तरी सांगायचंत," मी म्हटलं.

"तुला काय सांगू? तुला तर मी लग्नापासूनच मंद वाटते."

हसता हसता दोघींचे डोळे भरले. तेवढ्यात फोन वाजला. आज एवढे रिपोर्ट एकदम कसे आले, असं वॉर्डातून कुणीतरी कुरकुरत विचारत होतं.

जाऊबाईंनी पदराने नाक पुसलं. "मी पाठवले," त्या म्हणाल्या. "आता रोज असेच येतील." आणि फोन ठेवून त्यांनी रक्ताची पुढची नळी उचलली.